विंडोज बदलताना मराठी फॉन्ट कसे सांभाळावेत

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मी बरीच वर्षं करते. वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते, म्हणून काम ऑगस्टमध्ये येतं. २०१९ च्या उन्हाळ्यात मी चोपडा गावातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानातलं मशीन विंडोज ७ वरून १० वर नेलं होतं, कारण सातचा आधार (सपोर्ट) जानेवारी २०२० मध्ये संपणार होता. ऑगस्टमध्ये आदल्या वर्षीची वर्डची फाईल उघडली, आकडे बदलले, दोन संचालकांची नावं बदलली, पीडीएफ केली आणि छापायला दिली. मजकूर बरोबर होता, आकडे बरोबर होते. पण ६४ पानांची फाईल ५८ पानांवर आली होती आणि हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका जुनीच राहिली. ताळेबंद ३८ व्या पानावर लिहिलेला, प्रत्यक्षात ३४ व्या. संस्थेचे व्यवस्थापक अहवाल घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "ताई, हाई काय व्हयनं?" (हे काय झालं?) पहिला फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं, मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिला. चूक माझी होती. मी फॉन्टला हात लावला नव्हता, पण फॉन्ट बदलला होता, आणि मी पान मोजून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलंही मोठं अपडेट घ्यायच्या आधी आणि नंतर मी काय करते, ते इथे लिहिते आहे. डीटीपीवाले, शाळांचे क्लार्क, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, पतसंस्थेत टाइपिंग करणाऱ्या मुली, सगळ्यांना हे लागतं.

आधी मुळातली गोष्ट. वर्डच्या किंवा पेजमेकरच्या (पानं जुळवायचा जुना प्रोग्राम) फाईलमध्ये फॉन्ट नसतो, फॉन्टचं नाव असतं. फाईल उघडली की प्रोग्राम ते नाव घेऊन विंडोजकडे जातो. त्या नावाचा फॉन्ट सापडला तर ठीक. नाही सापडला तर दुसरा कुठला तरी उचलून तो मजकूर काढतो. वर्डची एक सवय इथे फार घात करते. मंगल हा विंडोजचा देवनागरी फॉन्ट मशीनवर नसला तरी वरच्या पट्टीत नाव मंगलच दिसत राहतं. अक्षर मात्र दुसऱ्याच फॉन्टचं असतं. नाव वाचून आपण निर्धास्त राहतो.

मंगल विंडोज २००० पासून मशीनबरोबर येत होता. सुलेखनकार आर. के. जोशी यांनी तो काढला आणि त्याला आपल्या दिवंगत पत्नीचं नाव दिलं. इतकी वर्षं आपण गावोगावचे दाखले, ठराव, अहवाल ज्या अक्षरात काढले ते एका मराठी माणसाच्या हातचं आहे, याचं मला फार वाटतं. विंडोज ८ पासून पडद्यावरच्या भारतीय लिप्यांसाठी निर्मला यूआय आला. विंडोज १० मध्ये मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह आणि संस्कृत टेक्स्ट हे पाच फॉन्ट मूळ संचातून काढून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' नावाच्या जादा भागात ठेवले गेले. ज्या मशीनच्या भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी आहे तिथे तो भाग विंडोज आपण होऊन उतरवून घेतं. ज्या मशीनवर फक्त इंग्रजी आहे तिथे तो येत नाही. आपल्याकडची निम्मी मशीनं अशीच असतात: विंडोज इंग्रजी, आणि मराठी टाइपिंग बाहेरून टाकलेल्या सॉफ्टवेअरने. माझंही तसंच होतं. मंगल गेला, त्याच्या जागी निर्मला आला. मंगलच्या ओळीला वरखाली खूप जागा लागते, निर्मलाला कमी. सहा पानं गेली ती तिथे.

म्हणून पहिलं काम: सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडा. तुम्हाला विंडोजचा कीबोर्ड वापरायचा नसला तरी जोडा. नंतर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' शोधा (विंडोजच्या काही आवृत्त्यांत ते ॲप्सखाली आहे, काहींत सिस्टिमखाली, त्यामुळे शोधणंच सोपं), नवीन फीचर जोडायचं बटण दाबा, 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडा आणि इन्स्टॉल करा. हे इंटरनेटवरून येतं, म्हणून लाइन चांगली असेल तेव्हा करा. दुसऱ्याच्या मशीनवरची मंगलची फाईल पेनड्राइव्हमध्ये आणून टाकायची सवय आपल्याकडे आहे, ती सोडा. तो फॉन्ट विंडोजच्या परवान्याचा भाग आहे, आणि शिवाय कोणती आवृत्ती कोणाकडून आली याचा पत्ता राहत नाही. एक्सपीच्या काळातल्या मंगलला वेगळा ठळक फॉन्टच नव्हता, तो विंडोज ७ बरोबर आला. जुनी फाईल टाकलीत तर शीर्षकं कृत्रिमपणे जाड होतात आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या भरून जातात.

"मी तर कधी मंगल वापरलाच नाही" असं म्हणणाऱ्यांनीही एकदा तपासावं. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये देवनागरी लिपीपुढे मंगलचंच नाव लिहिलेलं असतं. शिवाय वर्ड मराठीसाठी इंग्रजीहून वेगळा फॉन्ट धरून ठेवतं. कंट्रोल डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा. 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाचा वेगळा रकाना दिसला तर मराठीचा खरा फॉन्ट तिथे आहे.

आता अपडेटच्या आधीची तयारी. मी एक संध्याकाळ यासाठी ठेवते.

दुकानात जी कामं पुन्हा पुन्हा येतात त्यांची यादी वहीत असते: अहवाल, पावतीपुस्तकं, शाळेची गुणपत्रकं, लग्नपत्रिकांचे नमुने, केळीवाल्यांची बिलं. प्रत्येकापुढे फॉन्टचं नाव, प्रोग्राम आणि पानांची संख्या. पानांची संख्या आवर्जून लिहा. अपडेटनंतर फाईल उघडून तळाचा आकडा जुळतोय का, एवढं पाहायला दहा सेकंद लागतात, आणि माझ्यासारखा फर्मा वाया जात नाही.

मग त्या प्रत्येक कामाची एक पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट आत शिवला जातो, म्हणून ती कुठल्याही मशीनवर आहे तशीच दिसते. पण शिवला गेला की नाही ते बघून घ्या: ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल डी दाबून फॉन्टच्या रकान्यात जा, प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेलं हवं. ही पीडीएफ अपडेटनंतर तुमचा साक्षीदार आहे. शिवाय एक छापील प्रतही ठेवते, तिचं काम शेवटी सांगते.

वर्डच्या फाईलमध्येही फॉन्ट शिवता येतो. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल' वर टिक करा. त्याच्याच खाली 'डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स' अशी दुसरी टिक असते. तिचा अर्थ असा की विंडोजबरोबर येणारे फॉन्ट सगळीकडे असणारच, म्हणून ते शिवू नकोस. आपली अडचण नेमकी त्याच फॉन्टची आहे, म्हणून ती टिक काढा. फाईल जड होते, होऊ द्या.

विकत घेतलेले किंवा उतरवलेले फॉन्ट एका फोल्डरमध्ये, मूळ सीडी किंवा मूळ झिपसह, परवान्याच्या पावतीसह बाहेरच्या डिस्कवर ठेवा. सहसा अपडेटमध्ये आपण टाकलेले फॉन्ट टिकतात, पण 'सहसा'वर धंदा चालत नाही. जुन्या मराठी सॉफ्टवेअरला डाँगल (मशीनला लावायची परवान्याची चावी) लागत असेल तर तो नव्या विंडोजवर चालतो का, हे अपडेटच्या आधी विचारून घ्या.

इथे एक वाईट सवय सांगते. काहीजण मंगलची फाईल उघडून त्यातलं एखादं अक्षर सुधारतात आणि त्याच नावाने विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये परत ठेवतात. विंडोज आपल्या मालकीची फाईल पुढच्या अपडेटला आपल्या मनासारखी करून ठेवतं, आणि तुमची दुरुस्ती कुठे गेली ते कळत नाही. सिस्टिमच्या नावाच्या फाईलला हात लावायचा नाही. वेगळं अक्षर हवं तर वेगळ्या नावाचा फॉन्ट वापरा. तसंच जागा करण्यासाठी फॉन्ट्स फोल्डरमधले "नको असलेले" फॉन्ट उडवू नका. त्यातले काही विंडोजला स्वतःच्या खिडक्या काढायला लागतात.

अपडेट पुढे ढकलता येतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे पंधरा-वीस दिवस लग्नपत्रिकांमुळे दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मी विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉझ' करून ठेवते. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. घाई सरली की लगेच सुरू करते, कारण सुरक्षेचे अपडेट कायमचे बंद ठेवणं म्हणजे पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची फाईल धोक्यात घालणं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे बरीच मशीनं आता अकरावर जात आहेत आणि हे सगळं पुन्हा एकदा करायची वेळ आली आहे.

अपडेट झालं. आता मशीनवर काम न घेता आधी एक चाचणीची ओळ काढा. माझी ओळ अशी आहे:

वऱ्हाडी मंडळी, सातपुड्याच्या दऱ्या, ॲड. व डॉ., श्री क्षेत्र, लाल शाल, केळी, ज्ञान, ₹ १२३४५६७८९०

प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते सांगते. 'वऱ्हाडी' आणि 'दऱ्या' आडव्या रफारासाठी. हा मराठीचा खास र आहे, हिंदीत लागत नाही, आणि म्हणून कमी काळजीने केलेल्या फॉन्टमध्ये पहिला तोच मोडतो. पत्रिकेत 'वऱ्हाडी'चं 'वर्हाडी' झालं तर वाचणाऱ्याला लगेच खटकतं. 'ॲड.' मधला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन येतो. वकिलाच्या नावापुढे चौकोन छापून गेला की दुकानात फोन आलाच. 'लाल शाल' पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांच्यासाठी. राज्य शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयात हीच रूपं ठरवून दिली आहेत, पण पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श मूळचे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी रूप येतं. म्हणून वर्डमध्ये मजकूर निवडून रिव्ह्यूमधून भाषा मराठी करून बघा. शाळेच्या कामात याला महत्त्व आहे, पोरं छापलेलं पाहूनच गिरवतात.

राहिलं रुपयाचं चिन्ह. ते जुलै २०१० मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. विंडोज ७ मध्ये ते नंतरच्या एका अपडेटने फॉन्टमध्ये भरलं गेलं. मधल्या काळात रुपी फोरेडियन नावाचा फॉन्ट घराघरांत पोचला होता, त्यात आकड्यांच्या ओळीतली एकच्या डावीकडची कळ दाबली की रुपया उमटायचा. त्या काळातली बिलं आजच्या मशीनवर उघडली की रुपयाच्या जागी एक तिरकी टिकली दिसते. ती शोधून खऱ्या ₹ ने बदलायची. फाइंड-रिप्लेसने होतं, पण एकेक पाहून बदला.

ओळ छापून पाहिल्यावर काही बिघडलेलं दिसलं, तर बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. उपाय त्यावरच ठरतो.

चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. दुसरा फॉन्ट लावा किंवा वर सांगितलेला जादा भाग उतरवा.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा आयएसएमच्या डीव्ही मालिकेतले फॉन्ट असे आहेत: आत इंग्रजीचेच संकेत, वर मराठी अक्षराचं चित्र. फॉन्ट गेला की चित्र जातं आणि संकेत उघडे पडतात. अशा वेळी लोक घाबरून मंगल लावून बघतात. त्याने काहीच होत नाही. नेमका तोच फॉन्ट, तीच आवृत्ती परत टाकायची. आणि त्या फाईलवर वर्डचं ऑटोकरेक्ट बंद करायचं, नाहीतर वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं करायच्या नादात ते मराठीचं अक्षरच बदलून टाकतं. पेजमेकरमध्ये अशी फाईल उघडली की पॅनोस नावाची खिडकी येते आणि हरवलेल्या फॉन्टच्या बदल्यात काय लावू असं विचारते. तिथे काहीही कायम न करता फाईल बंद करा, फॉन्ट टाका, मग उघडा. वर्डमध्ये हीच गोष्ट ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, फॉन्ट सब्स्टिट्यूशन इथे दिसते. कोणता फॉन्ट हरवला आणि त्याच्या जागी काय लागलं, याची यादी मिळते. ती यादी वाचा, पण 'कन्व्हर्ट परमनंटली' दाबू नका. ते दाबलं की मूळ नावाची खूण फाईलमधून पुसली जाते.

अक्षरं आहेत पण वेलांटी व्यंजनाच्या पुढे गेली, पाय मोडलेला दिसतो, पोकळ ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, तर फॉन्ट निर्दोष असू शकतो. तो प्रोग्राम मराठीची जुळणी करत नाहीये. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर आणि फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. अपडेटनंतर प्रोग्रामच्या सेटिंग्ज मूळ पदावर गेल्या असतील तर हे हमखास होतं.

आणि सगळं नीट वाचता येतं, फक्त पान सरकलं, हा चौथा प्रकार. मला ज्याने फसवलं तो हाच. तो ओरडून सांगत नाही, म्हणून पानांचा आकडा आणि जुनी पीडीएफ.

एक फॉन्ट वर्डमध्ये दिसतो आणि कोरलमध्ये (पत्रिका-चित्रं करायचा प्रोग्राम) दिसत नाही, अशी तक्रार घेऊन यावल-अमळनेरकडचे डीटीपीवाले मला फोन करतात. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर तो फक्त त्या युजरच्या खात्यात जातो, आणि काही जुने प्रोग्राम तिथे बघतच नाहीत. 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. आधीचा काढून मग टाका.

एखादा फॉन्ट अपडेटमध्ये खरंच गेला आणि तुमच्याकडे प्रत नाही, तर धावपळ करण्याआधी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज ओल्ड' नावाचं फोल्डर आहे का बघा. जुनं विंडोज तिथे ठेवलेलं असतं, त्यातल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये तुमचा फॉन्ट मिळू शकतो. पण हे फोल्डर नेहमी दहा दिवसांनी आपोआप काढलं जातं, आणि जुन्या विंडोजवर परत जायची मुदतही तेवढीच असते. म्हणून चाचणी अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी करा. सुट्टीच्या तोंडावर अपडेट घेऊन गावाला जाऊ नका.

पुढच्या कामांसाठी मी हळूहळू सिस्टिमच्या फॉन्टवरून बाहेर पडते आहे. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेची मुक्ता आणि बलू, आयआयटी मुंबईची शोभिका, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोकळ्या परवान्याचे आहेत. ते मी गिऱ्हाइकाच्या फाईलबरोबर पेनड्राइव्हमध्ये निर्धास्त देऊ शकते. अहवालाला शोभिका किंवा टिरो, पत्रकांना मुक्ता, पत्रिकेच्या मोठ्या नावांना बलू. विंडोजने काय आणलं, काय नेलं, याचा त्या कामावर परिणाम होत नाही. जुने श्रीलिपीतले अहवाल एकेक करून युनिकोडमध्ये आणते. रूपांतर झाल्यावर आडवा र, अवतरण चिन्हं आणि आकडे डोळ्यांनी तपासावेच लागतात. जी कामं बदलणं शक्य नाही, त्यांच्यासाठी जुनं मशीन इंटरनेटशिवाय कोपऱ्यात ठेवलं आहे. त्याला अपडेट मिळत नाही आणि त्यात बाहेरचा पेनड्राइव्हही जात नाही.

कोरलमधल्या पत्रिका छापायला जाताना कंट्रोल क्यू करून अक्षरांचे वक्र करते, म्हणजे प्रेसच्या मशीनवर फॉन्ट नसला तरी चालतं. मात्र त्याआधी फाईलची एक प्रत अक्षरांसह वेगळ्या नावाने जपून ठेवते. वक्र केलेल्या पत्रिकेत आजीच्या नावामागे 'कै.' घालायची वेळ आली तर टाइप करता येत नाही.

सगळं जमलं असं वाटलं की शेवटची तपासणी कागदावर. अपडेटच्या आधी काढलेली छापील प्रत घेते, नव्या मशीनवरून तेच पान काढते, दोन्ही कागद एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरते. शिरोरेषांवर शिरोरेषा बसल्या, शेवटची ओळ शेवटच्या ओळीवर आली, की त्या फाईलपुढे वहीत तारीख टाकते आणि पुढची फाईल उघडते.